गुरुजींनंतरचे नऊ महिने : आमच्या संस्थेचा बदल अर्ज, बँक आणि अनामत वही

11 फेब्रुवारी 2023, शनिवारी पहाटे आमच्या संस्थेचे संस्थापक गुरुजी गेले. सोमवारी सकाळी साडेनऊला एक मुलगा आमच्या रुग्णोपयोगी साहित्य केंद्राच्या बंद दारासमोर उभा होता. वडिलांना अर्धांगवायूचा झटका आलेला, दुपारी दवाखान्यातून घरी सोडणार होते आणि त्याला फाउलर बेड, म्हणजे डोक्याकडून आणि पायाकडून वर-खाली होणारा दवाखान्यासारखा बेड, हवा होता. केंद्राच्या कुलपाची किल्ली गुरुजींच्या सदऱ्याच्या खिशात होती आणि सदरा त्यांच्या घरी खुंटीला. सुतकाच्या घरात जाऊन किल्ली कशी मागायची म्हणून मी अंगणातच घुटमळले. वहिनींनी, म्हणजे गुरुजींच्या पत्नींनी, खिडकीतून पाहिलं, आत गेल्या आणि किल्ली आणून माझ्या हातावर ठेवली. "आधी बेड पोचव, मग बोलू," एवढंच म्हणाल्या.

त्या दिवसापासून बँकेतून पहिला चेक निघेपर्यंत नऊ महिने गेले. छोट्या संस्थेत संस्थापक गेल्यावर मागे राहिलेल्यांची काय धांदल उडते, ते मी या काळात पाहिलं. आपल्याकडे अशा संस्था गावोगावी आहेत, म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवते आहे.

आमचं रुग्णोपयोगी साहित्य केंद्र आहे. फाउलर बेड, एअर बेड, व्हीलचेअर, वॉकर, कमोड खुर्ची, सलाईन स्टँड, करोनाच्या काळात मिळालेले दोन ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, असं साहित्य आम्ही गरजूंना वापरायला देतो. भाडं घेत नाही, फक्त अनामत घेतो. बेडला 2000 रुपये, वॉकरला 300. वस्तू परत आली की अनामत परत. निवृत्त मुख्याध्यापक असलेल्या गुरुजींनी 1998 साली स्वतःच्या पडवीत दोन व्हीलचेअर ठेवून हे काम सुरू केलं. मी 2014 मध्ये सासूबाईंसाठी बेड न्यायला गेले होते. त्या गेल्यावर बेड परत द्यायला गेले, तेव्हा गुरुजी म्हणाले, "तू हिशेब लिहितेस ना दुकानात? रविवारी तासभर येत जा." मी कृषी सेवा केंद्रात अकाउंट्स बघते. त्या रविवारपासून मी संस्थेची झाले. 2021 च्या निवडणुकीत मला खजिनदार केलं.

26 फेब्रुवारीला आम्ही उरलेले सदस्य बसलो, तेव्हा पहिली अडचण बँकेची निघाली. खातं अध्यक्ष आणि सचिव यांच्या संयुक्त सहीने चालायचं. सचिव गुरुजी. अध्यक्ष 84 वर्षांचे, मुलीकडे बेंगळुरूला, हात थरथरतो, सही जुळत नाही. खात्यात पावणेचार लाखांच्या आसपास रक्कम होती आणि त्यातला एक रुपयाही आम्हाला काढता येत नव्हता. बेड परत येत होते आणि लोक अनामत मागत होते. ज्यांच्या घरातलं माणूस आठ दिवसांपूर्वी गेलंय, त्यांना "थांबा" म्हणायचं मला जमेना. पहिल्या चार घरांना मी माझ्याजवळचे आठ हजार दिले. आमच्या सीएंनी हे ऐकून मला थांबवलं. पदरचे पैसे घालायचेच असतील तर हातउसने म्हणून ठराव करा, व्हाउचर करा, वहीत घ्या, नाहीतर उद्या तुमचं देणं आणि संस्थेचं देणं वेगळं करता येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. तुमच्यावर अशी वेळ आली तर पहिल्या रुपयापासून कागद करा.

बँकेने सांगितलं की नुसत्या ठरावावर सह्या बदलता येणार नाहीत, विश्वस्त बदलल्याची नोंद धर्मादाय कार्यालयाने (सार्वजनिक न्यासांची, म्हणजे ट्रस्टची, नोंद ठेवणारं सरकारी कार्यालय) मंजूर केल्याचा आदेश आणि ताजं शेड्युल वन आणा. शेड्युल वन म्हणजे सार्वजनिक न्यास नोंदवहीतला आपल्या संस्थेचा उतारा. त्यात विश्वस्तांची नावं असतात. आमच्यासारख्या बहुतेक संस्था 1860 च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली आणि 1950 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याखाली अशा दोन्हीकडे नोंदलेल्या असतात. तुमचा न्यास क्रमांक 'एफ' ने सुरू होत असेल तर तुम्ही याच गटातले.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात जिल्ह्याच्या ठिकाणी धर्मादाय कार्यालयात जाऊन शेड्युल वनच्या नकलेचा अर्ज दिला. आयुष्यात पहिल्यांदा अशा कार्यालयात गेले होते. कोर्ट फीचा स्टॅम्प कुठे मिळतो, अर्ज कोणत्या टेबलावर द्यायचा, काही माहीत नव्हतं. पोटात गोळा आला होता. अकरा दिवसांनी नक्कल हातात पडली आणि मी तिथल्या बाकावरच बसले. त्यात 2011 ची सात नावं होती. त्यातले गुरुजी धरून चौघे आता हयात नाहीत. 2016 आणि 2021 च्या निवडणुका आम्ही रीतसर घेतल्या होत्या, पण त्यांचे बदल अर्ज, म्हणजे विश्वस्त बदलल्याचं कळवणारे अर्ज, दाखलच झाले नव्हते. दोन वर्षं खजिनदार म्हणून मी पावत्यांवर सह्या करत होते आणि सरकारी नोंदीत माझं नावच नव्हतं.

गुरुजींचा राग आला का? त्या दिवशी आला. बसमध्ये खिडकीला डोकं टेकून मी रडले. बेड दुरुस्त करायचा, टेम्पो ठरवायचा, घरी जाऊन पेशंटला बेडसोर (पडून राहून होणाऱ्या जखमा) झालेत का बघायचं, हे सगळं ते एकटे करत होते आणि कागदांचं काम "करू की" म्हणत मागे पडत गेलं. आम्ही सहाजण त्यांच्याकडे बघत बसलो आणि कुणीही शेड्युल वन मागून पाहिलं नाही. ती चूक आम्हा सगळ्यांची होती.

वकीलसाहेबांनी नियम समजावून सांगितला. विश्वस्तांमध्ये बदल झाला की 1950 च्या कायद्याच्या कलम 22 प्रमाणे 90 दिवसांत तो कळवायचा असतो, अनुसूची तीनच्या नमुन्यात. मृत्यू हाही बदलच, त्यामुळे गुरुजींच्या जाण्यापासून मोजलं तर आमची मुदत 12 मे ला संपत होती. वाद नसेल तर तात्पुरता मंजुरीचा आदेश लवकर मिळण्याची सोय आता कायद्यात आहे, पण आमच्या मागच्या दोन कड्याच तुटलेल्या होत्या. म्हणून तीन अर्ज करायचे ठरले, 2016 चा, 2021 चा आणि आत्ताचा. पहिल्या दोनांसोबत विलंब माफीचा अर्ज. फी तिन्हींची मिळून 15 हजार. हप्त्याने घेतो म्हणाले आणि तसंच घेतली.

प्रत्येक अर्जाला लागतं ते असं : सभेची नोटीस, ती सभासदांना मिळाल्याच्या सह्या, इतिवृत्त आणि ठरावाची सत्यप्रत, हजेरीच्या सह्या, नव्यांची संमतीपत्रं, जुन्यांचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र, गेलेल्यांचे मृत्यूचे दाखले, घटनेची प्रत, सगळ्यांची ओळखपत्रं. इतिवृत्ताची वही केंद्रात होती. 2016 ची नोटीस वही मात्र कुठेच सापडत नव्हती.

वहिनी म्हणाल्या, माळ्यावरच्या ट्रंकेत बघ. तेराव्यानंतर कुणी ती उघडली नव्हती. गुरुजींच्या मुलाने ती खाली उतरवली. वर शाळेचे जुने फोटो, खाली पेन्शनची कागदपत्रं आणि त्याखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेली नोटीस वही. 2016 च्या पानावर चौदा सभासदांच्या सह्या होत्या. त्या बघून मला एवढं हायसं वाटलं की मी वहिनींचा हात धरला.

त्याच ट्रंकेत अनामतीची जुनी वही होती. केंद्रातली चालू वही मी रोज हाताळते, त्यातल्या हिरव्या शाईच्या बारीक खुणा मला माहीत होत्या. काही नावांपुढे अनामतीच्या रकान्यात आकडा असतो आणि त्याच्या उजव्या कोपऱ्यात बोराएवढीसुद्धा नाही अशी एक हिरवी टिकली. मला वाटायचं, पैसे मोजून घेतल्याची खूण असेल. जुन्या वहीतही त्या होत्या. मी सहज विचारलं. वहिनींनी चष्मा लावून पान जवळ घेतलं, बोटाने दोन-तीन नावं वाचली आणि म्हणाल्या, "हे ज्यांच्याकडे द्यायला नव्हते, ते. यांची अनामत हे पेन्शनमधून भरायचे. त्यांना सांगायचं नाही असं ठरलेलं होतं."

चालू वहीत अशा 21 खुणा होत्या. म्हणजे त्या 21 जणांच्या नावावर जमा दिसणारी रक्कम गुरुजींची होती. साहित्य परत आलं की ती कुणाला द्यायची? त्यांनी आजवर काय केलं असेल? वहिनींना विचारलं तर म्हणाल्या, ते परत घेत नसत, पुढच्या कुणाच्या तरी नावावर लावत. मला रात्रभर झोप आली नाही. माणूस केवढा मोठा, हे एका बाजूला. दुसऱ्या बाजूला ऑडिटमध्ये हे दाखवायचं कसं? कुणाची ऐपत नाही हे त्यांना चेहऱ्यावरून कळायचं, ते मला कळेल का? हा प्रश्न मला कार्यालयातल्या सगळ्या कागदांपेक्षा जड गेला.

15 दिवस आधी नोटीस काढून 2 एप्रिलला सर्वसाधारण सभा घेतली. काहींच्या मनात गुरुजींच्या मुलाला सचिव करायचं होतं. तो पुण्याला असतो. तो उभा राहून म्हणाला, "मी महिन्यातून एकदा येणार, बेड रोज लागतो." मग माझं नाव निघालं. आमचे एक ज्येष्ठ सदस्य, निवृत्त कंपाउंडर काका, म्हणाले की बाईमाणसाला कोर्टकचेऱ्यांमागे कशाला पळवता. मी म्हटलं, काका, पळायची तयारी आहे, फक्त तुम्ही सोबत या. पुढच्या प्रत्येक तारखेला ते आले. डबा घेऊन यायचे, दोघांचा.

त्याच सभेत आणखी एक ठराव केला. ज्याला अनामत जमत नाही त्याला ती माफ आणि त्यासाठी 'गरजू रुग्ण निधी' असं वेगळं खातं वहीत उघडायचं. निर्णय दोन सदस्यांनी मिळून घ्यायचा आणि पेशंटच्या घरच्यांसमोर त्याची चर्चा करायची नाही. 21 जणांची मिळून 36 हजार 600 रुपयांची रक्कम वहिनींना परत करण्याचा विषय निघाला तेव्हा त्यांनी लेखी कळवलं की ती याच निधीत धरावी. आता ती रक्कम ताळेबंदात दिसते.

8 मे ला तिन्ही अर्ज दाखल झाले, मुदतीच्या चार दिवस आधी. लगेच त्रुटी निघाल्या. पानांना क्रमांक नव्हते. एका सभासदाचं इतिवृत्तात 'बापू' असं नाव आणि आधारवर वेगळंच. आमच्याकडे सगळे टोपणनावानेच ओळखतात, पण कागदावर आधारवरचंच नाव लिहायची सवय आजपासून लावा. या एका नावासाठी आम्हाला वेगळं प्रतिज्ञापत्र आणि एक फेरी पडली.

मधल्या काळात आयकराचं काम गळ्याशी आलं. 2023 च्या नियमाप्रमाणे 80जी असलेल्या, म्हणजे जिच्या देणगीदाराला आयकरात सवलत मिळते अशा, संस्थेला दर वर्षी 31 मे पर्यंत देणगीदारांचं विवरण, फॉर्म 10 बीडी, भरावं लागायचं, त्याशिवाय देणगीदाराला प्रमाणपत्र देता येत नसे. उशीर झाला तर दिवसाला 200 रुपये शुल्क होतं. पोर्टलवर नवा सही करणारा नोंदवायचा तरी ओटीपी जुन्या मोबाईलवर, म्हणजे गुरुजींच्या. त्यांच्या मुलाने सिम चालू ठेवलं होतं म्हणून आम्ही वाचलो. तो पुण्यात फोन हातात घेऊन बसला, मी इकडे सीएंच्या ऑफिसात, आणि तो आकडे सांगत गेला. मधेच त्याचा आवाज बदलला. त्या फोनवर अजून गुरुजींच्या नावाने लोकांचे मेसेज येत होते, 'सर, बेड मिळेल का?' त्याने ते सगळे मला पाठवले. त्यातल्या दोघांना त्या आठवड्यात बेड दिले.

माझी डिजिटल सही काढायला दीड हजार लागले. विवरण मुदतीत गेलं. घरातल्या कर्त्या माणसाचं सिम दहाव्या दिवशी बंद करायची घाई करू नका, आणि त्याहून बरं म्हणजे संस्थेच्या नावाचं वेगळं सिम आजच घ्या. आयकर, निती आयोगाचं स्वयंसेवी संस्थांसाठीचं दर्पण पोर्टल, बँक, धर्मादायची वेबसाइट, सगळीकडे तोच नंबर आणि संस्थेचाच ईमेल. आम्ही आता तसं केलंय.

धर्मादाय कार्यालयात सुनावणीची पहिली तारीख 20 जून. सुनावणी घेणारे साहेब रजेवर. एसटीने पाऊण तास जाऊन, तीन तास बसून परत. दुसरी 18 जुलैला, अधिक मास लागला त्या दिवशी. विलंब का झाला ते विचारलं. वकीलसाहेब बोलायला लागले, पण साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी खरं तेच सांगितलं : संस्थापक सगळं एकटे बघत होते, निवडणुका झाल्या, कळवायचं राहिलं, कुणाचा वाद नाही, आणि पेशंटच्या अनामती अडकल्यात. ते म्हणाले, बेंगळुरूच्या अध्यक्षांचं प्रतिज्ञापत्र लावा. अध्यक्षांच्या मुलीने त्यांना व्हीलचेअरवरून नोटरीकडे नेलं. सहीऐवजी अंगठा दिला, नोटरीने तसं नमूद केलं. कागद रजिस्टर पोस्टाने आला, सोबत त्यांच्या मुलीच्या अक्षरातली एक चिठ्ठी : बाबा विचारतात, जुन्या बेडचं हँडल दुरुस्त झालं का.

22 ऑगस्टला पुराव्याची शपथपत्रं झाली. 3 ऑक्टोबरला, पितृपंधरवड्यात, तिन्ही बदल मंजूर झाल्याचा आदेश झाला. सही-शिक्क्याची नक्कल आणि नवीन शेड्युल वन नवरात्रात, 17 ऑक्टोबरला हातात आलं. सात नावं, सातही हयात. कंपाउंडर काकांनी तिथेच उभं राहून ती मोठ्याने वाचली.

ऑडिटची त्या वर्षीची मुदत 31 ऑक्टोबरपर्यंत वाढली होती, त्यामुळे तो अहवाल नव्या सह्यांनी गेला. बँकेने मग सातही जणांची केवायसी, संस्थेचं पॅन, ठराव, घटना, आदेश अशा सगळ्यांच्या प्रती घेतल्या, एकदा फोटो जुने म्हणून परत केल्या. आता तिघांपैकी कुठल्याही दोघांच्या सह्या चालतात. एक जण आजारी पडला, गावाला गेला, तरी काम अडत नाही. हे आम्ही दहा वर्षांपूर्वीच करायला हवं होतं.

एकूण खर्च सांगते : वकील 15 हजार, नोटरी, स्टॅम्प आणि नकला मिळून साधारण 2300, डिजिटल सही दीड हजार, प्रवास वेगळा. माझ्या जिल्ह्याला आठ फेऱ्या झाल्या. 17 मार्चपासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं होतं आणि काका 75 च्या पुढचे, त्यांना तिकीटच नव्हतं, म्हणून प्रवास स्वस्तात झाला. सीएंनी पैसे घेतले नाहीत. दुकानाच्या मालकांनी माझे आठ दिवस भरून धरले.

9 नोव्हेंबर, वसुबारस. संध्याकाळी केंद्रात बसून मी नऊ घरांच्या अनामतीचे चेक लिहिले. आयुष्यात हजारो चेक लिहिलेत मी दुकानासाठी, पण त्या दिवशी पहिल्या चेकवर तारीख घालताना हात थांबला. आधी कुणाला बोलावलं असेल तर ज्याची आई मार्चमध्ये गेली त्या मुलाला. तो रंगकाम करतो. आठ महिने त्याने एकदाही फोन केला नव्हता. चेक घेताना म्हणाला, "ताई, मला वाटलं ते गुरुजींबरोबरच गेले. मागणं बरं वाटेना." मग दारातून वळून विचारलं की केंद्राच्या भिंतींना ओल आलीय, दिवाळीनंतर येऊन रंग मारला तर चालेल का, मजुरी नको. जानेवारीत त्याने आणि त्याच्या भावाने दोन रविवारी रंग मारला. रंगाचे पैसे संस्थेने दिले, बिल फाइलला आहे.

अनामतीच्या वहीत मी एक नवा रकाना आखलाय, 'निधीतून'. गेल्या तीन महिन्यांत सहा नावांपुढे तो भरला. कुणाला विचारायचं आणि कुणाला न विचारता द्यायचं, हे अजून दर वेळी कठीण जातं. एकदा मी चुकले, ज्या घराला माफी द्यायला हवी होती त्यांच्याकडून दोन हजार घेतले. काकांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं, तेव्हा जाऊन परत दिले.

रंग मारायला आलेला तो मुलगा आता दर शनिवारी बेड पोचवायला टेम्पोबरोबर जातो. पुढच्या सभेत त्याला सहसचिव करायचा विषय मी कार्यक्रमपत्रिकेत घेतलाय. या मंगळवारी सीएंकडे वहीखात्यांसाठी जायचं आहे, त्याला म्हटलं, तूही चल, कागद कुठे असतात ते बघून ठेव.